शौचाची डबी आणि गव्हाचा दाणा



इस्पितळाच्या तपासणी खिडकीपाशी एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. रक्ताची नळी माणूस उघड हातात घेऊन रांगेत उभा राहतो. लघवीची बाटली जरा आडोशाला धरतो. शौचाची डबी मात्र आधी वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत गुंडाळून, कोणी ओळखीचे दिसू नये अशा बेताने आणतो. कित्येकजण तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली ही एकच तपासणी गाळतात आणि बाकीच्या सगळ्या करून घरी जातात. आया-बहिणी तर या बाबतीत फारच संकोच करतात.

हा संकोच आपण समजू शकतो. ज्या देशात शौचाला हात लावण्याचे काम जन्मावर ठरवले गेले आणि ते करणाऱ्यालाच अपवित्र म्हटले गेले, त्या देशात या वस्तूविषयी मोकळेपणाने बोलणे सोपे नाही. परंतु त्याच वस्तूचे चिमूटभर घेऊन जगभरातील शास्त्रज्ञ आज वर्षानुवर्षे अभ्यास करीत आहेत, आणि त्या कामात आपले पुणेही मागे नाही. मी डॉक्टर नाही. कचेरीत हिशेब लिहिणारा माणूस आहे. पण कोणाकोणाबरोबर इस्पितळात जावे लागते, डॉक्टरांना विचारावे लागते, वाचावे लागते. त्यातून जे नीट कळले ते आज एका आजाराच्या निमित्ताने मांडतो. आजाराचे नाव आहे सिलिॲक.

आजार कोणता?

गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर जो चिकटपणा आणि ताण येतो, पोळी लाटताना फाटत नाही, तो याच ग्लुटेनमुळे. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. परंतु काही जणांच्या शरीरात हे प्रथिन गेले की शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीसारखे बारीक बारीक अंकुर असतात. अन्नातले सत्त्व तेच शोषून घेतात. या आजारात ते अंकुर झिजून सपाट होतात. मग पोटात अन्न जाते, पण अंगी लागत नाही.

लहान मुलांत याची लक्षणे ठळक दिसतात. वारंवार पातळ, भरपूर, घाण वासाचे शौच. फुगलेले पोट आणि काडीसारखे हातपाय. वजन वाढत नाही, उंची खुंटते, मूल चिडचिडे होते. मोठ्या माणसांत मात्र हा आजार वेष पालटून येतो. कोणाला जुलाब नसतातच. रक्त वाढवायच्या गोळ्या घेऊनही पंडुरोग हटत नाही, हाडे ठिसूळ होतात, तोंड येते, मुलीची पाळी उशिरा सुरू होते, कोणाला मूल राहत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे निदान होत नाही.

आणि निदान होत नाही तोवर घरात काय चालते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दृष्ट काढली जाते. गंडेदोरे बांधले जातात. सासू म्हणते, आईचे दूध बाधले. शेजारीण म्हणते, पोराला जंत झालेत. मूल वाळत जाते आणि बोल आईला लागतो. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २०१४ साली युरोपातील दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. ज्यांच्या घरात हा आजार आहे अशा बालकांना गहू कधी सुरू केला, लवकर की उशिरा, आणि अंगावर किती पाजले, याने आजार टळतो का, हे त्यात पाहिले होते. टळत नाही, असेच दोन्हींत आढळले. अंगावर पाजावे ते त्याच्या इतर अनेक फायद्यांसाठी. पण मुलाला सिलिॲक झाला म्हणून आईला दोष देणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही आहे.

हॉलंडमधला जमाखर्च

गहू आणि हा आजार यांचे नाते कसे कळले, ती हकिकत वाचण्यासारखी आहे, कारण तिच्या मध्यभागी शौचाची डबीच आहे.

लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या आजाराचे नेमके वर्णन लिहिले. रोग बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, एवढे त्यांनी ओळखले होते. पण आहारातले नेमके काय काढायचे, हे कळायला आणखी सहा दशके गेली. मधल्या काळात अमेरिकेत डॉ. सिडनी हास हे अशा मुलांना केळी खाऊ घालीत, आणि मुले सुधारत. केळ्यात औषध आहे असे सर्वांना वाटले. खरे कारण असे होते की त्या पथ्यात गव्हाची भाकर नव्हती.

हॉलंडमधील हेग शहरात डॉ. विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ होते. ब्रेड बंद केला की काही मुले सुधारतात, असा संशय त्यांना महायुद्धापूर्वीच, १९३० नंतरच्या दशकात, आला होता. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडची रसद तोडली. भयंकर उपासमार झाली. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद खाऊन दिवस काढले. ब्रेड दिसेनासा झाला. देश उपाशी असताना सिलिॲकची मुले मात्र सुधारत होती, आणि पुन्हा ब्रेड मिळू लागताच ती आजारी पडली. डिके यांचा संशय पक्का झाला.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. तो पुरावा शौचातून आला. सत्त्व शोषले जात नाही म्हणजे खाल्लेली चरबी शौचावाटे बाहेर पडते. तेव्हा किती चरबी खाल्ली आणि किती बाहेर टाकली, याचा रोजचा हिशेब ठेवला तर आतडे काम करते की नाही ते कळेल. आम्हा कारकून मंडळींच्या भाषेत हा सरळ जमाखर्च. अडचण अशी होती की शौचातली चरबी मोजणे फार किचकट काम होते. व्हान डे कामर या डच रसायनशास्त्रज्ञाने १९४९ साली ओल्या शौचातूनच चरबी मोजण्याची सोपी पद्धत काढली. मग डिके, बालरोगतज्ज्ञ वेयर्स आणि व्हान डे कामर या तिघांनी मुलांचा आहार आणि शौच यांचा ताळेबंद मांडला. गहू दिला की शौचातली चरबी वाढते, काढला की उतरते. पुढे त्यांनी दाखवले की दोष गव्हाच्या पिष्टात नसून त्याच्या प्रथिनात आहे. डिके यांचा प्रबंध १९५० साली आला.

विचार करा. ज्या डबीला आपण लाजतो, तिच्यातील चरबीचे वजन रोज करून त्या तिघांनी एका जुन्या रोगाचे मूळ शोधले. त्यानंतर जगभरातील असंख्य मुलांना पथ्य कळले आणि ती जगली.

सगळ्यांना का होत नाही?

प्रश्न एवढ्यावर संपला नाही. गहू तर कोट्यवधी लोक खातात. मग एखाद्यालाच का?

पहिले उत्तर जनुकांत मिळाले. डीक्यू-२ आणि डीक्यू-८ या नावांनी ओळखले जाणारे जनुकांचे दोन प्रकार आहेत. सिलिॲकच्या जवळजवळ सर्व रुग्णांत त्यांपैकी एक तरी असतोच. परंतु ते सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत असतात आणि आजार होतो तो शंभरात एखाद्यालाच. म्हणजे जनुक हे केवळ दार झाले. ते उघडते कोण?

आपल्याच देशातला एक अभ्यास येथे फार बोलका आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील मिळून २३ हजारांहून अधिक प्रौढ माणसे तपासली गेली. आजाराचे प्रमाण उत्तरेत शेकडा १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत अवघे ०.१० आढळले. ते विशिष्ट जनुक मात्र तिन्हीकडे सारखेच, साधारण शेकडा ३१ ते ३८ लोकांत होते. गव्हाचे रोजचे सेवन उत्तरेत माणशी सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ ग्रॅम आणि दक्षिणेत २५ ग्रॅम.

आता हे आकडे नीट पाहा. उत्तर आणि दक्षिण यांतला फरक गव्हाने समजावता येतो. पण ईशान्येत गहू दक्षिणेइतकाच थोडा, जनुकही तेवढेच, तरी आजार आठपटीहून अधिक. हिशेब जुळत नाही. जमाखर्चात फरक पडला की आपण म्हणतो, एखादी नोंद राहिली आहे. शास्त्रज्ञही तेच म्हणतात. ती राहिलेली नोंद कदाचित विषाणूंच्या संसर्गात असेल, कदाचित आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंत असेल.

पोटातली वस्ती

आपल्या शरीरात जितक्या पेशी आहेत, साधारण तितकेच जिवाणू आपल्यासोबत राहतात, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. शौच वाळवले तर त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा ते निम्मा भाग जिवाणूंचाच असतो. हे सगळे जंतू रोगाचे नव्हेत. पुष्कळसे आपल्या उपयोगाचे आहेत. आपल्याला न पचणारा कोंडा ते पचवतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात, आणि शरीराच्या संरक्षक यंत्रणेला आपले कोण नि परके कोण हे शिकवण्यातही त्यांचा वाटा आहे.

ग्लुटेनच्या बाबतीत त्यांचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. ग्लुटेन आपल्या पाचक रसांनी पुरते तुटत नाही. त्याचे काही लांब तुकडे तसेच शिल्लक राहतात, आणि ज्यांच्यात ते जनुक आहे त्यांची संरक्षक यंत्रणा नेमकी याच तुकड्यांवर चवताळते. जिवाणू मात्र हे तुकडे तोडू शकतात. कसे तोडतात यावर सारे अवलंबून आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१६ साली उंदरांवर हे दाखवले. रुग्णांच्या लहान आतड्यात सापडलेल्या स्यूडोमोनास या जिवाणूने ग्लुटेनचे असे तुकडे केले की ते आतड्याची भिंत अधिक सहज ओलांडू लागले आणि यंत्रणा अधिक भडकली. निरोगी माणसांतील लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आपल्या दह्यातल्या जिवाणूंच्या कुळातले, तेच तुकडे आणखी बारीक करून निरुपद्रवी करीत होते. हे उंदरांत आढळले आहे, म्हणून उद्यापासून रुग्णाने दही खाऊन पोळी खावी असा अर्थ कोणी कृपया काढू नये.

डबीपासून संगणकापर्यंत

आता ही वस्ती मोजायची कशी? पूर्वी जिवाणू काचेच्या बशीत वाढवून ओळखत. पण आतड्यातले पुष्कळसे जिवाणू असे आहेत की हवा लागताच मरतात. बशीत वाढतच नाहीत. म्हणून आता जिवाणू न वाढवता त्यांची ओळखपत्रे वाचतात.

माणूस घरी स्वच्छ कोरड्या डबीत थोडे शौच घेतो. त्यात लघवी किंवा पाणी मिसळू द्यायचे नसते. डबी ताबडतोब बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवतात, किंवा डबीतच टिकवणारे द्रावण असते. उशीर झाला तर काही जिवाणू वाढतात, काही मरतात, आणि नमुना खोटे बोलू लागतो. प्रयोगशाळेत तो शून्याखाली ८० अंशांवर गोठवून ठेवतात. सोबत एक प्रश्नपत्रिका असते : गेल्या काही महिन्यांत प्रतिजैविक औषधे घेतली का, काय खाता, शौच घट्ट की पातळ, गहू चालू आहे की बंद. ही माहिती खोटी भरली तर पुढचे सगळे यंत्र व्यर्थ.

मग नमुन्यात बारीक मणी घालून तो जोरात हलवतात. जिवाणूंची कवचे फुटतात आणि आतला डीएनए बाहेर येतो. प्रत्येक जिवाणूत '१६ एस' नावाचे एक जनुक असते. सगळ्यांत असते, पण प्रत्येक जातीत त्याची अक्षरे थोडी वेगळी असतात. अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी १९७७ साली याच रेणूच्या आधारे जीवसृष्टीची एक नवीनच शाखा ओळखली होती. त्या जनुकाच्या असंख्य प्रती काढून यंत्राने अक्षरे वाचतात आणि संगणक ती नोंदवहीशी ताडून सांगतो की या माणसाच्या पोटात अमुक कुळ इतके, तमुक कुळ इतके. जणू शिरगणतीच.

पुण्याचे काम

असाच एक अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या एम्स संस्थेतील डॉक्टरांच्या सहकार्याने केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन गट घेतले : सिलिॲकचे प्रौढ रुग्ण, रुग्णांचे सख्खे नातेवाईक आणि आजार नसलेली इतर माणसे. सख्खे नातेवाईक घेण्यामागे विचार होता. त्यांच्यात जनुकांमुळे धोका असतो, पण आजार अजून झालेला नसतो. म्हणजे घर तेच, रक्त तेच. मग जिवाणूंत फरक कोठे पडतो ते पाहता येते.

त्यांनी शौचही तपासले आणि दुर्बिणीच्या नळीतून लहान आतड्याच्या वरच्या भागाचा तुकडाही घेतला. एकूण विविधतेत तिन्ही गटांत मोठा फरक नव्हता. पण ठरावीक जिवाणूंत फरक होता. रुग्ण आणि नातेवाईक या दोघांच्याही शौचात अकरमॅन्सिया व डोरिया या कुळांतील काही जिवाणू इतरांपेक्षा कमी आढळले. रुग्णांच्या शौचातील जिवाणूंची ग्लुटेन तोडण्याची ताकद नातेवाइकांपेक्षा व तिसऱ्या गटातील माणसांपेक्षा कमी असावी, असा अंदाज त्यांच्या जनुकांवरून निघाला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शौचापेक्षा आतड्याच्या तुकड्यात फरक अधिक दिसले.

हे शेवटचे वाक्य प्रामाणिक आहे, म्हणून मला ते आवडते. शौच हे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाचे. आजार लहान आतड्याच्या सुरुवातीला. नदीच्या मुखाशी पाणी भरून उगमाजवळ काय घडले ते सांगण्यासारखे हे आहे. काही कळते, सगळे कळत नाही. पण दर महिन्याला कोणाच्या पोटात नळी घालता येत नाही. शौच मात्र कोणालाही न दुखवता पुन्हा पुन्हा घेता येते, तान्ह्या बाळाचेसुद्धा.

या सोयीचाच फायदा घेऊन अमेरिका व इटलीत एक दीर्घ अभ्यास चालवला गेला. ज्यांच्या घरात सिलिॲकचा रुग्ण आहे अशा शेकडो बाळांचे शौच जन्मापासून ठरावीक मुदतीने साठवले गेले. पुढे काहींना आजार झाला. तेव्हा जुन्या डब्या काढून पाहता आल्या. २०२१ साली त्यांनी आजार झालेल्या १० मुलांची तुलना न झालेल्या १० मुलांशी केली, तर आजार उघड होण्याच्या दीड वर्ष आधीपासून जिवाणूंत काही बदल दिसत होते. मुले थोडी आहेत. निष्कर्ष पक्का नाही. पण आजार झाल्यावर जिवाणू बदलले की जिवाणू बदलल्यामुळे आजार झाला, हा कोंबडी-अंड्याचा प्रश्न सोडवायचा असेल तर अशीच आधीपासून नोंद ठेवावी लागते.

बाजारापासून सावध

जेथे संशोधन अपुरे असते तेथे बाजार पुढे धावतो. 'पोटातल्या जिवाणूंची तपासणी' म्हणून घरपोच डब्या पाठवून हजारो रुपये घेणारे आज पुष्कळ निघाले आहेत. वाचकांनी ध्यानात घ्यावे : जिवाणूंच्या अशा तपासणीवरून सिलिॲकचे निदान होत नाही. निदानाची पहिली पायरी रक्ततपासणी आहे. तिला टीटीजी म्हणतात. ती संशयास्पद आली तर पोटाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तुकडा तपासतात. शौचाची एक उपयोगी तपासणी वेगळी आहे. पथ्य पाळणाऱ्याच्या पोटात चुकून ग्लुटेन गेले का, हे शौचात त्याचे न पचलेले तुकडे शोधून कळते. पण तीही निदानासाठी नव्हे, पथ्याच्या देखरेखीसाठी.

दुसरे, तपासणी होण्याआधी गहू बंद करू नये. कोणीतरी सांगितले म्हणून दोन-चार महिने पोळी सोडली, तर रक्तातली खूण उतरते, अंकुर भरून येऊ लागतात आणि तपासणी खोटी 'निरोगी' येते.

तिसरे, आजार नसताना केवळ फॅशन म्हणून गहू सोडणाऱ्यांसाठी. स्पेनमध्ये १० निरोगी माणसांना महिनाभर ग्लुटेनविरहित आहार दिला, तेव्हा त्यांच्या शौचातले बिफिडोबॅक्टेरियासारखे उपयोगी मानले जाणारे जिवाणू कमी झाले. अभ्यास लहान आहे, पण गरज नसताना पथ्य करण्यात शहाणपण नाही, एवढे सांगायला पुरेसा आहे.

घरातल्या घरात

ज्यांचे निदान झाले आहे त्यांना औषध एकच : ग्लुटेन जन्मभर बंद. हे ऐकून गरीब घरातली आई घाबरते. दुकानातली 'ग्लुटेन-फ्री' बिस्किटे तिच्या आवाक्यात नसतात. पण आपल्या महाराष्ट्रात घाबरण्याचे कारण तुलनेने कमी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका, तांदूळ, सगळ्या डाळी, शेंगदाणे, भाज्या, दूध, अंडी, मासळी, मटण यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. आपल्या आज्यांनी ज्या भाकरीवर संसार केले तीच येथे औषध आहे. ज्या भाकरीला शहरात आल्यावर आपण गरिबीची खूण समजून ताटातून बाजूला सारले, ती सन्मानाने परत आणावी.

मात्र लपलेल्या गव्हापासून सावध राहावे लागते. रवा, मैदा, शेवया, लापशी, पाव, टोस्ट, खारी, बिस्किट हे तर उघडच. खपली गहू पौष्टिक म्हणून विकतात, पण तोही गहूच, चालत नाही. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी गहू घालतात. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो.

आणि सर्वांत मोठा धोका गिरणीचा. गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यात ज्वारी दळली की गव्हाचे पीठ तिच्यात उतरते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असेल तर त्या पदार्थाला ग्लुटेनविरहित म्हणता येत नाही. एवढे पीठ डोळ्याला दिसणारही नाही. तेव्हा घरी लहान चक्की घेता आली तर उत्तम. ती परवडत नसेल तर एका वस्तीतल्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून घ्यावी, किंवा फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी शोधावी. आपल्या महिला मंडळांनी हा विषय जरूर हाती घ्यावा. पोळपाट-लाटणे, तवा आणि पिठाचा डबा रुग्णासाठी वेगळा ठेवावा. हा वेगळेपणा विटाळाचा नाही, पथ्याचा आहे, हे घरातल्या लहानथोरांना समजावून सांगावे. नाहीतर मुलाच्या मनाला वेगळीच जखम व्हायची.

घरात एकाला सिलिॲक निघाला तर सख्ख्या भावंडांची, आईवडिलांची आणि मुलांची रक्ततपासणी करून घ्यावी. शंभर सख्ख्या नातेवाइकांत सात ते दहा जणांना आजार निघतो, आणि पुष्कळदा त्यांना स्वतःला काही जाणवलेले नसते.

शेवटी एक विनंती. सरकारी इस्पितळात किंवा संशोधन संस्थेत कोणी अभ्यासासाठी शौचाचा नमुना मागितला, तर लाजून नाही म्हणू नका, आणि डोळे झाकून होही म्हणू नका. कशासाठी घेता, नाव गुप्त राहील का, मला समजेल अशा मराठीत कागद द्या, असे विचारा. तो आपला हक्क आहे. नाही म्हटले तरी उपचार थांबवता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. समाधान झाले तर मात्र डबी जरूर द्या. व्हान डे कामर यांनी ज्या मुलांचे शौच तपासले त्या मुलांची नावे कोणाला माहीत नाहीत. पण त्यांच्या त्या डब्यांमुळे आज एखाद्या वस्तीतल्या आईला डॉक्टर ठामपणे सांगू शकतात की बाई, तुमच्या दुधात दोष नाही, पोराला भाकरी घाला, ते जगेल आणि वाढेल.